शाळेच्या उंबरठ्यावरचे पालक : विशेष मुलांच्या शिक्षणहक्काची वाटचाल

जून महिना उजाडला की गोखिवरे परिसरातील घराघरांत शाळेची लगबग सुरू होते. नवी दप्तरे, नवे गणवेश, वह्यांना घातलेली तपकिरी कव्हरे यांनी घर भरून जाते. त्याच आळीत, त्याच इमारतीत एखादे घर मात्र असे असते की, जेथे या दिवसांत आवाज खाली येतो. मूल वयाने शाळेचे झालेले असते. परंतु ते उशिरा बोलू लागले, किंवा त्याला ऐकू येत नाही, किंवा तिसरीत जाऊनही त्याची अक्षरओळख पक्की होत नाही. आई-वडील त्याचा हात धरून मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर बसतात आणि आतून निरोप येतो, "आमच्या शाळेत याची सोय नाही." हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले आहे. ते ऐकून जे निमूटपणे घरी परतले नाहीत, त्या पालकांमुळेच आपल्या प्रांतात विशेष शिक्षणाचा इतिहास घडला.

या इतिहासाचा प्रारंभ पालकांपासून झाला नाही, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. मुंबई इलाख्यातील पहिले प्रयत्न मिशनरी मंडळींचे होते. १८८० च्या दशकात बिशप लिओ म्यूरीन यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली. १९०० साली अमेरिकन मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी जे काम आरंभले, तेच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपास आले. या कार्यामागे करुणा होती, आणि त्या करुणेचे मोल थोडे नाही. तथापि, त्या काळी अशा मुलाचे शिक्षण ही दयेची बाब समजली जाई, अधिकाराची नव्हे. दया करणाऱ्याची इच्छा असेपर्यंत दया टिकते. अधिकार मात्र मागता येतो आणि न मिळाल्यास तक्रारही करता येते. दयेपासून अधिकारापर्यंत पोहोचण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

१९४४ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी हिंदुस्थान सरकारच्या शिक्षणविषयक सल्लागार मंडळाने युद्धोत्तर शिक्षणाची योजना मांडली. ती सार्जंट अहवाल या नावाने ओळखली जाते. शारीरिक वा मानसिक व्यंग असलेल्या मुलांचे शिक्षण हा राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचाच भाग असावा, असे त्यात म्हटले होते. अहवाल अहवालाच्या जागी राहिला. त्याच वर्षी मुंबईत श्रीमती जय वकील या पारशी गृहिणीने आपली कन्या दीना हिच्यासाठी शाळा सुरू केली. दीनाला डाउन सिंड्रोम होता आणि तिला दाखल करून घेईल अशी शाळा शहरात नव्हती. आईने ती स्वतः काढली. शिवडीच्या टेकडीवर आज जी संस्था त्यांच्या नावाने उभी आहे, तिचे मूळ या एका मुलीच्या गरजेत आहे. सरकारी योजना आणि आईची धडपड एकाच वर्षी सुरू झाल्या. पुढे कोण गेले हे सांगावयास नको. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोग यांनी 'कामायनी'ची स्थापना केली आणि मराठी मध्यमवर्गीय घरांतील अशा मुलांसाठीही एक दार उघडले.

येथे शब्दांविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. जुन्या कागदपत्रांत 'मुके-बहिरे', 'जडबुद्धी', 'मतिमंद' असे शब्द सहज येतात. ते लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे नव्हे. तो काळच तसा होता. आज 'कर्णबधिर', 'बौद्धिक अक्षमता', 'स्वमग्नता', 'अध्ययन अक्षमता', 'दिव्यांग' असे शब्द वापरले जातात. शब्द बदलल्याने दृष्टी आपोआप बदलत नाही, हे खरे. परंतु ज्या मुलास वर्गात रोज 'ढ' म्हणून हाक मारली जाते, त्याला शब्दाचे वजन कोणत्याही पंडितापेक्षा अधिक ठाऊक असते.

या संपूर्ण इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण मालिनी चिब आणि त्यांच्या मातोश्री डॉ. मिथू अलूर यांचे आहे. मालिनी यांचा जन्म १९६६ सालचा. जन्मसमयी मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने त्यांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात झाला. हातपाय ताब्यात नाहीत, उच्चार स्पष्ट नाही. परंतु बुद्धी शाबूत. हे शेवटचे वाक्य त्या काळी कोणी मानावयास तयार नव्हते. या मुलीचे काही होणार नाही, असे वैद्यकीय मत आई-वडिलांना ऐकावे लागले. पुढे कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी पाहिले की, अशाच मुलांना शिकवले जाते, त्यांच्याशी बोलले जाते, त्यांच्याकडून अपेक्षाही ठेवली जाते. आईने तेथेच विशेष शिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेतले.

मुंबईत परतल्यावर पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. ज्या मुलीला लंडनमध्ये शाळा होती, तिला मुंबईत नव्हती. सर्वसाधारण शाळेत तिला प्रवेश नव्हता आणि बौद्धिक अक्षमतेच्या शाळेत तिला घालणे हा तिच्या बुद्धीवर अन्याय झाला असता. मिथू अलूर यांनी थेट पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत आपले म्हणणे पोहोचवले, आणि अभिनेत्री नर्गिस दत्त यांचा भक्कम आधार मिळवला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, कुलाब्यात केवळ तीन मुलांना घेऊन विशेष शिक्षण केंद्र सुरू झाले. त्या तिघांत मालिनी एक होत्या. यातूनच 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' उभी राहिली. आज ती 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते.

या केंद्राचे वेगळेपण कशात होते? तोपर्यंत अशा मुलास व्यायामोपचारासाठी रुग्णालयात न्यावे लागे आणि शिक्षणाचा विचार सहसा होतच नसे. येथे फिजिओथेरपी, वाचा-उपचार आणि क्रमिक अभ्यास एकाच छपराखाली आले. मूल हा रुग्ण नसून विद्यार्थी आहे, ही भूमिका त्यामागे होती. कल्पना साधी वाटते, परंतु तिचा प्रसार झपाट्याने झाला. १९७४ साली कोलकात्यात आणि १९८५ साली चेन्नईत याच धर्तीवर संस्था निघाल्या. मालिनी पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनला जाऊन उच्च शिक्षण घेतले आणि चर्चगेट येथील पुस्तकांच्या दुकानात नोकरीही केली. एका बोटाने कळफलकावर अक्षरे टिपत त्यांनी आत्मकथन लिहिले. त्याचे शीर्षकच 'वन लिटल फिंगर' असे आहे. 'काही होणार नाही' या निदानाला याहून समर्पक उत्तर असू शकत नाही.

परंतु या कथेतील अधिक विचार करण्याजोगा भाग पुढचा आहे. स्वतः उभारलेल्या वेगळ्या शाळेवर मिथू अलूर समाधान मानून राहिल्या नाहीत. १९९८ मध्ये लंडन विद्यापीठाला सादर केलेल्या आपल्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की, अंगणवाडीसारख्या प्रचंड शासकीय योजनेतूनही अपंग बालके वगळली जातात. ती नाकारली जात नाहीत, तर धोरणकर्त्यांना ती दिसतच नाहीत. त्यानंतर त्यांच्या संस्थेने आपल्याकडील मुले सर्वसाधारण शाळांत पाठवण्याचे धोरण अंगीकारले. आपण कष्टाने बांधलेली भिंत स्वहस्ते पाडावयास धैर्य लागते. अर्थात, विशेष शाळा नकोच असा याचा अर्थ घेणे घाईचे होईल. ब्रेल, खुणांची भाषा किंवा गंभीर बहुविकलांगता यांसाठी तज्ज्ञ शाळेची गरज आजही आहे. बेरोज वाचा यांनी १९७७ मध्ये मुंबईत बधिरांध मुलांसाठी सुरू केलेली हेलन केलर यांच्या नावाची संस्था हे त्याचे उदाहरण आहे. शाळा कोणती हा निर्णय मुलाची गरज पाहून पालकांनी घ्यावा. शाळेने आपली सोय पाहून तो त्यांच्यावर लादू नये.

परदेशातही हा हक्क सहज मिळालेला नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांची संघटना न्यायालयात गेली आणि १९७१-७२ मध्ये तिने राज्य शासनाला नमवले. १९७५ साली तेथे राष्ट्रीय कायदा झाला. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र लेखी शैक्षणिक आराखडा करावा आणि तो करताना पालकांनाही बैठकीत बसवावे, अशी तरतूद त्यात आहे. भारतात १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने या मुलांचे शिक्षण सर्वसाधारण शिक्षणापासून अलग मानू नये असे सुचवले होते. १९७४ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक शिक्षणाची योजनाही काढली. परंतु योजना म्हणजे अनुदान. अनुदान आले नाही तर पालकाने कोणाकडे पाहावे, याचे उत्तर तिच्यात नव्हते. ते १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात प्रथम मिळाले : अठरा वर्षांपर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण. मात्र त्या कायद्याच्या यादीत सातच अपंगत्वे होती, आणि वर्गावर्गांत बसलेला एक मोठा समूह त्या यादीबाहेर राहिला.

तो समूह अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा. या मुलांकडे पाहून काही कळत नाही. ती चुणचुणीत बोलतात, दुकानातला हिशेब तोंडी करतात, परंतु कागदावर अक्षरे उलटी-सुलटी होतात, काना-मात्रा निसटतात, जोडाक्षर आले की वाचन अडते. घरी 'आळशी' आणि शाळेत 'ढ' या दोन पदव्यांमध्ये त्यांचे बालपण संपते. मुंबई महापालिकेच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, ज्याला सर्वजण सायन हॉस्पिटल म्हणतात, अशा मुलांच्या तपासणीचे काम बालरोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने उभे राहिले. १९९६ साली महाराष्ट्र शासनाने या मुलांना परीक्षेत सवलती देण्याचे मान्य केले, आणि त्याच वर्षी पालक व तज्ज्ञ यांनी मिळून 'महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन' स्थापन केली. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, द्वितीय भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित, गणकयंत्राचा वापर अशा सवलती दहावीच्या विद्यार्थ्यांना मिळू लागल्या. शेजारच्या अनेक राज्यांत तेव्हा याचा मागमूस नव्हता. या बाबतीत महाराष्ट्र खरोखर अग्रेसर होता.

सवलत कागदावर आली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट लांबच होती. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मोजक्या शासकीय व महापालिका रुग्णालयांना होता. वसईच्या पालकाला मुलाला घेऊन पश्चिम रेल्वेच्या गर्दीतून दादर, तेथे गाडी बदलून शीव; आणि तेही एकदा नव्हे. डोळे व कान यांची तपासणी, बुद्ध्यांक चाचणी, इयत्तेच्या दोन वर्षे मागे आहे का हे पाहणारी शैक्षणिक चाचणी, मानसोपचारतज्ज्ञांची भेट अशा वेगवेगळ्या दिवशीच्या खेपा. नोकरदार वडिलांची रजा संपे, आईचा धीर संपे. इतर अपंगत्वांच्या दाखल्यासाठी ठाण्याचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागे, कारण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता. आणखी एक अडचण क्वचितच बोलली गेली : प्रमाणित चाचण्या प्रामुख्याने इंग्रजीत होत्या. मराठी शाळेतील मुलाची वाचनातील अडचण इंग्रजी चाचणीने कशी मोजावी? मराठी, हिंदी व कन्नड भाषांतील 'डाली' ही चाचणी २०१५ मध्ये उपलब्ध झाली. तोपर्यंत किती मराठी मुले नुसती 'नापास' ठरली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

या अडचणींखेरीज घरातला एक अडसर असतो, आणि आपल्या समाजात त्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. मुलाची तपासणी करून घेतली तर 'नाव पडेल', मोठ्या बहिणीच्या सोयरिकीत अडथळा येईल, या भीतीने निदान वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते. १९९१ च्या 'चौकट राजा' या चित्रपटातील नंदूसाठी डोळे पुसणारा प्रेक्षक आपल्याच नात्यातील नंदूला मात्र समारंभास आणू नये असे सुचवतो. २००७ अखेर 'तारे जमीन पर' आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला, ही मोठीच गोष्ट झाली. पण शब्द पोहोचणे वेगळे आणि आपल्या मुलाविषयी तो उच्चारणे वेगळे.

कित्येकदा याला पूर्वकर्माचा आधार दिला जातो. "ज्ञानावरणीय कर्माचा उदय आहे, त्याला कोण काय करणार," असे वडीलधारी मंडळी म्हणतात. यात शास्त्राचे अर्धेच वाचन आहे. ज्ञानावरण सर्व संसारी जीवांना आहे. क्षयोपशम कमी-अधिक, इतकाच जीवाजीवांतील भेद. शिवाय तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात हे कर्म कशाने बांधले जाते याची कारणेही सांगितली आहेत आणि त्यांत दुसऱ्याच्या ज्ञानात अंतराय आणणे हे एक आहे. शिकू पाहणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर ठेवणाऱ्याने शास्त्राचा हवाला देताना हे सूत्रही पुढे वाचावे. चतुर्विध दानात ज्ञानदानाची गणना करणाऱ्या परंपरेला हे काही नवे नाही. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून, ज्यांना शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांना वर्गात आणून बसवले. त्या काळी अडसर जातीचा व दारिद्र्याचा होता.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दिले. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग बालके त्यात स्पष्टपणे आली. खरी कूस मात्र २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने बदलली. सातांच्या जागी एकवीस प्रकार आले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना प्रथमच त्या यादीत स्थान मिळाले. कायद्याचे सोळावे कलम सांगते की, शासनाने अनुदान दिलेल्या 'अथवा मान्यता दिलेल्या' प्रत्येक शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेनुसार सोयी पुरवाव्यात, अध्ययन अक्षमता लवकर ओळखावी आणि प्रत्येक मुलाच्या प्रगतीकडे लक्ष ठेवावे. 'अथवा मान्यता दिलेल्या' हे शब्द विश्वस्त मंडळांनी दोनदा वाचावेत असे आहेत. विनाअनुदानित शाळा, धर्मादाय संस्थांच्या शाळा याही त्यात आल्या. लक्षणीय अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा अधिकार एकतिसाव्या कलमाने दिला.

कायदा झाला तरी लढा संपत नाही, याचा प्रत्यय २०२१ मध्ये मुंबईच्याच एका विद्यार्थिनीला आला. तिला डिसग्राफिया, म्हणजे लेखनातील अक्षमता होती. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत मिळावयाचा एक तासाचा जादा वेळ तिला दिला गेला नाही आणि तीन तास होताच उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. बोपण्णा यांच्या पीठाने, स्पर्धा परीक्षेत एखाद्यावर अन्याय व्हायचाच अशी सबब चालणार नाही, असे सुनावले. पुन्हा परीक्षा घेण्याचा आदेश मात्र मिळाला नाही. परीक्षा यंत्रणेने आठवड्याभरात नुकसानभरपाईचा मार्ग काढावा असे सांगण्यात आले. निकाल तत्त्वाने मोठा होता. गेलेला तास मात्र कोणत्याही न्यायालयाला परत देता येत नाही, म्हणून मागणी परीक्षेच्या दिवशी नव्हे तर इयत्तेच्या प्रारंभी, लेखी स्वरूपात करावी लागते.

जुन्या पालकांच्या अनुभवातून हेच व्यवहारज्ञान हाती आले आहे. तोंडी विनंती हवेत विरते. मुख्याध्यापकांच्या नावे तारखेसह अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का व पोच घ्यावी. मुलाला काय येत नाही एवढेच न लिहिता काय केल्याने त्याला येते तेही लिहावे : पहिल्या बाकावर बसवल्याने, फळ्यावरचे छापून दिल्याने, तोंडी उत्तर घेतल्याने. रुग्णालयाचे अहवाल, जुन्या वह्या, प्रगतिपुस्तके एका फाइलीत ठेवावीत. शाळेकडून उत्तर न आल्यास शिक्षणाधिकारी आणि त्यापुढे पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त ही दारे आहेत. एकट्याने ठोठावण्यापेक्षा चार पालकांनी मिळून ठोठावलेले दार लवकर उघडते. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने आपल्या प्रौढ मुलांसाठी उभारलेले 'घरकुल' पालकांच्या संघटनेतूनच साकारले.

शिक्षकांची बाजूही न्यायाने पाहावयास हवी. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षिकेने स्वमग्न मुलाकडे, कर्णबधिर मुलीकडे आणि उरलेल्या अठ्ठावन्नांकडे एकाच तासिकेत कसे पाहावे? प्रशिक्षित विशेष शिक्षक असल्यावाचून समावेशक शिक्षण हा शब्द शिक्षकावरचा बोजा ठरतो. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यासाठी प्रमाण ठरवून दिले : प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक, तर त्यापुढील इयत्तांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळाने, ७ मार्च २०२५ रोजी, त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावे लागले की, ही पदे मंजूर करून अधिसूचित करा आणि नियमित वेतनावर भरा.